ऑफिसमधली देणगी खरंच ऐच्छिक करताना काय काय करावं लागलं

मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत पगाराचं काम बघते. हजेरी, रजा, कपाती, कर्जाचे हप्ते, सगळं फिरून शेवटी माझ्या शीटमध्ये येतं. त्यामुळे ऑफिसात देणगी गोळा व्हायची तेव्हा स्टेजवरून न दिसणारी तिची बाजू मला दिसायची. पद्धत बहुतेक ठिकाणी असते तीच. कुठंतरी मोठी आपत्ती आली की वरून मेल यायचा, सर्वांनी एक दिवसाचा पगार द्यावा ही विनंती, ज्यांना द्यायचा नसेल त्यांनी लेखी कळवावं. मग प्रत्येक डिपार्टमेंटची यादी फिरायची, नावापुढे रक्कम, रकमेपुढे सही. मग मोठ्ठा पुठ्ठ्याचा चेक, फोटो, टाळ्या, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं पहिल्यासारखं. पैसे जमायचे, नाही असं नाही. पण त्या आठवड्यात माझ्या टेबलापाशी येऊन हळू आवाजात "मॅडम, हे कंपल्सरी आहे का हो?" असं विचारणारे कितीतरी जण असायचे, आणि त्यातले बरेचसे असे होते की ज्यांच्या पगारातून आधीच दोन हप्ते जात होते हे फक्त मला आणि त्यांनाच माहिती.

नवीन डायरेक्टर आले तेव्हा त्यांना हे सगळं बदलायचं होतं. त्यांच्या डोक्यात होतं की कंपनीला एक उद्देश असावा, लोकांना वाटावं आपण नुसतं टार्गेटसाठी काम करत नाही, आणि समाजाला काहीतरी परत देणं हा त्या उद्देशाचा भाग असावा. माणूस मनापासून बोलत होता. मीटिंगमध्ये त्यांनी विचारलं की याची जबाबदारी कोण घेईल, आणि मी हात वर केला. पण त्याच मीटिंगमध्ये तीन अटीही सांगितल्या. कोण किती देतं हे पे-रोल सोडून कुणालाही दिसणार नाही, डायरेक्टरांनासुद्धा नाही. पैसे कुठं जायचे हे कर्मचारी ठरवतील. आणि या सगळ्याचा अप्रेझलशी काडीचाही संबंध राहणार नाही, ना चांगला ना वाईट.

दुसऱ्या आणि तिसऱ्या अटीला ते लगेच हो म्हणाले. पहिलीवर अडले. त्यांचं म्हणणं, यादी नसेल तर लोक देतील कशाला? एकाचं बघून दुसरा देतो, माणसाचा स्वभावच आहे तो. आणि ते खरंच आहे, यात वाद नाही. माझ्या एका सहकाऱ्याला अशा विषयांवरचे अभ्यास वाचायची आवड आहे, त्यानं एक प्रयोग दाखवला. शिकागोच्या आसपास केलेला, देलाविन्या, लिस्ट आणि मालमेंडिअर या तीन अर्थतज्ज्ञांचा, २०१२ साली छापलेला. दारोदार जाऊन देणगी मागायची, पण काही घरांना आदल्या दिवशी चिठ्ठी लावून ठेवायची की उद्या अमुक वेळेला आम्ही येणार आहोत. नुसत्या चिठ्ठीनंच दार उघडणारे कमी झाले. आणि चिठ्ठीवर "आमच्याकडे येऊ नका" असा चौकोन टिक करायला दिला तर देणग्या २८ ते ४२ टक्क्यांनी घटल्या, आणि ही घट मुख्यतः १० डॉलरच्या खालच्या लहान देणग्यांमध्ये होती. म्हणजे त्या लहान रकमा देणारे बरेचजण मनातून द्यायचं म्हणून देत नव्हते, समोर माणूस उभा आहे म्हणून देत होते.

डायरेक्टर म्हणाले, हे तर माझ्याच बाजूचं झालं की, दबाव काढला तर पैसे कमी होणार. मी म्हणलं हो, होणारच, पहिल्या वर्षी आकडा पडेल हे धरूनच चालू. पण ज्या माणसानं सहीला घाबरून पैसे दिले त्याला त्या दिवसापासून देणगी या शब्दाचाच कंटाळा येतो, आणि तो कंटाळा मी दर वेळी टेबलापाशी बघत आलेय. अशा माणसांच्या जोरावर तुम्ही फार तर एक कॅम्पेन चालवाल, त्यातून संस्कृती कशी काय तयार होईल? थोडा वेळ शांत बसले आणि म्हणाले, ठीक आहे, करून बघा.

पहिलं काम मी असं केलं की पैशाचं नावच काढलं नाही. एक साधा फॉर्म पाठवला, नाव न घालता भरायचा, त्यात दोनच प्रश्न. तुम्हाला कुठल्या गोष्टीची तळमळ वाटते, आणि ऑफिसबाहेर तुम्ही सध्या कुणासाठी काही करता का. मला वाटतं सगळ्या प्रवासातली सर्वात महत्त्वाची गोष्ट ही होती, कारण जे उत्तर आलं त्यानं आमची सगळी भाषाच बदलली. कुणी कित्येक वर्षं नियमित रक्तदान करतंय. कुणी शेजारच्या मुलीची कॉलेजची फी भरतंय आणि तिच्या घरच्यांना सांगितलेलंसुद्धा नाही की पैसे कुठून येतात. कुणी सुट्टीच्या दिवशी अंध विद्यार्थ्यांना पेपर लिहायला लेखनिक म्हणून जातंय. एकानं लिहिलं होतं की भावाच्या आजारपणात अनोळखी लोकांनी मदत केली, तेव्हापासून हॉस्पिटलबाहेर बसलेल्या नातेवाइकांना हवं नको बघायला महिन्यातून एकदा जातो. आणि हे सगळे लोक आमच्याच ऑफिसात, रोज शेजारी बसणारे. आम्ही वरून देण्याची संस्कृती आणायला निघालो होतो आणि ती आधीच इथं खाली जिवंत होती, फक्त तिला कंपनीत यायला दार नव्हतं.

काहींनी स्पष्ट लिहिलं की सध्या माझ्यावर कर्ज आहे, मला कृपया काही मागू नका. ते वाक्य मी डायरेक्टरांना जसंच्या तसं वाचून दाखवलं.

मग कमिटी. इथं नेहमीचा मार्ग म्हणजे एचआर, मार्केटिंग आणि दोन मॅनेजर, झालं. आम्ही चिठ्ठ्या टाकल्या. ज्यांना इच्छा आहे त्यांनी नाव द्यायचं आणि प्रत्येक विभागातून एक चिठ्ठी काढायची, मुदत एक वर्ष, लगोलग दुसऱ्यांदा नाही. आणि मी हट्ट धरला की हाउसकीपिंग आणि सिक्युरिटीचे लोक कॉन्ट्रॅक्टवर असले तरी त्यांचीही चिठ्ठी हवी. यावर बरीच चर्चा झाली, ते आपले कर्मचारीच नाहीत, त्यांचा पगार आपण करत नाही, वगैरे. शेवटी असं ठरलं की जो रोज या इमारतीत येतो तो यात आहे.

त्याचा फायदा पहिल्याच मोठ्या बैठकीत दिसला. फॉर्मवरून लोकांची तळमळ जिथं जास्त होती असे विषय निवडले, त्यात शिक्षण सर्वात वर होतं, मग त्या विषयातल्या तीन संस्थांना भेटायला बोलावलं. प्रत्येकीनं आपलं प्रेझेंटेशन दिलं. आमच्यातले शिकलेसवरलेले लोक विचारत होते, तुमचा इम्पॅक्ट कसा मोजता, स्केल कसं करणार. सगळे प्रश्न बरोबर, आणि उत्तरंही तयार. मग हाउसकीपिंगच्या ताईंनी विचारलं, "तुमच्याकडं ज्या बाया काम करतात त्यांचा पगार वेळेवर होतो का?" एका संस्थेचे साहेब थोडं हसले आणि म्हणाले की आमच्याकडे बहुतेक स्वयंसेविका आहेत, त्या मानधनाची अपेक्षा ठेवत नाहीत. दुसऱ्या संस्थेच्या बाई होत्या, त्या म्हणाल्या, नाही हो, गेल्या वर्षी दोन महिने उशीर झाला, कारण सगळे देणगीदार वह्या-पुस्तकांसाठी पैसे देतात, शिक्षिकेच्या पगारासाठी कुणी देत नाही. आमच्या अकाउंटंटचा पगार तर मी कुणाच्या नावावर टाकू हेच कळत नाही. खोलीत एकदम शांतता. मी अकाउंट्सची माणूस, मला ते फार लागलं.

त्यानंतर तो वाद पेटला जो अशा कमिटीत कधी ना कधी होतोच, म्हणजे प्रशासनावर कमीत कमी खर्च करणारी संस्था निवडायची की नाही. एका सदस्यानं तिन्ही संस्थांचे टक्के काढून आणले होते आणि जिचा सर्वात कमी तीच चांगली असं त्याचं मत होतं. वरवर पटतं ते. आपला रुपया थेट मुलापर्यंत जावा असं कुणाला नाही वाटत. पण मुलापर्यंत तो पोचवणार कोण, तर शिकवणारी, हिशोब ठेवणारा, गाडी चालवणारा, यांचाच पगार त्या टक्क्यात मोजला जातो. मग त्या वाचनवेड्या सहकाऱ्यानं एक माहिती आणली. अमेरिकेत २०१३ मध्ये गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स, म्हणजे ज्या संस्था बाकीच्या संस्थांची माहिती आणि रेटिंग लोकांपुढे ठेवतात त्याच तिघींच्या प्रमुखांनी मिळून देणगीदारांना जाहीर पत्र लिहिलं होतं की फक्त प्रशासकीय खर्चाच्या टक्क्यावरून संस्था जोखू नका, तिचं काम, पारदर्शकता, नेतृत्व, परिणाम हे बघा. रेटिंग देणारेच असं सांगतायत म्हणल्यावर वादाची धार कमी झाली. तरी त्या सदस्याचं समाधान व्हावं म्हणून आम्ही एक केलं, ऑडिट झालेला ताळेबंद मागायचा, तो सर्वांसमोर वाचायचा, आणि पगाराची ओळ जिथं अगदीच लहान असेल तिथं उलट प्रश्न विचारायचा की मग काम कोण करतं? हा वाचनाचा कार्यक्रम मी स्वतः घेते. सिक्युरिटीचे एक काका आता ताळेबंद असा वाचतात की माझ्या ज्युनिअरला लाज वाटावी. शेवटी निवड झाली ती पगार उशिरा झाला असं खरं सांगणाऱ्या बाईंच्या संस्थेची.

आता पगारातून देण्याची व्यवस्था. याबद्दल मला सविस्तर लिहायचंय कारण लोक पोस्टर आणि घोषणांवर इतका वेळ घालवतात आणि फॉर्मकडे दुर्लक्ष करतात, आणि विश्वास बसतो किंवा तुटतो तो फॉर्मवर. पगारातून देणगी ही काही नवी कल्पना नाही, ब्रिटनमध्ये १९८७ पासून तशी सरकारमान्य योजना आहे, पगारातून थेट रक्कम जाते. कर सवलतीचे नियम देशागणिक वेगळे असतात, ते आपापल्या सल्लागाराकडून बघून घ्यावेत, पण काही गोष्टी कुठंही लागू पडतात. आम्ही ठरवलं की फॉर्ममध्ये रकमेचे तयार पर्याय द्यायचेच नाहीत. पर्याय दिले की सर्वात खालचा पर्याय हा कमीपणाचा होतो. मोकळी जागा, तिथं लिहा वाटेल तो आकडा. देणगी सुरू करायला फॉर्म लागतो आणि बंद करायला एका ओळीचा मेल पुरतो, कारण न विचारता. मुदत पगाराची शीट बंद व्हायच्या आदल्या दिवसापर्यंत, आठवडाभर आधी वगैरे नाही, कारण माणसाला अडचण येते ती महिनाअखेरीलाच.

बिनपगारी रजा पडली आणि हातात येणारा पगार एका ठरावीक रकमेखाली गेला तर त्या महिन्याची देणगी आपोआप थांबते. हे मी शीटमध्ये फॉर्म्युल्यानंच बसवलं, म्हणजे कुणाला माझ्याकडे येऊन सांगायची वेळच येऊ नये. पावती देणाऱ्याच्या नावावर येते, कंपनीच्या नाही, म्हणजे सवलत असली तर त्याला मिळते. पगाराच्या पावतीवर ही कपात एका साध्या कोडनं दिसते, कारण लोक ती पावती बँकेत, घरमालकाकडे, कुठं कुठं दाखवतात आणि आपण कुणाला देतो हे सगळ्या जगाला कळावं असं सगळ्यांना नको असतं. आणि जमा झालेले पैसे कंपनीच्या खात्यात मुक्कामाला ठेवायचे नाहीत, पगार झाला की त्याच आठवड्यात संस्थेकडे रवाना आणि संस्थेची पोच आली की एकूण आकडा, फक्त एकूण, नोटीस बोर्डावर.

एक जण होता, नाव अर्थातच सांगणार नाही, सुरुवातीपासून देत होता. एके महिन्यात एक ओळ आली, "या महिन्यापासून बंद करा." मी बंद केलं, उत्तर दिलं "केलं", बस. काही महिन्यांनी परत ओळ आली, "सुरू करा, रक्कम आधीपेक्षा थोडी जास्त." नंतर केव्हातरी जिन्यात भेटला तेव्हा स्वतःहून म्हणाला की घरात ऑपरेशन होतं, आणि तुम्ही विचारलं असतं ना तर मी परत कधी सुरू केलं नसतं. यापुढं मला कुणी कितीही समजावलं तरी मी बंद करण्याच्या मेलवर "का" हा प्रश्न येऊ देणार नाही.

पुढची गोष्ट मॅचिंगची, म्हणजे तुम्ही जेवढे द्याल तेवढेच कंपनीही घालणार. ही पद्धत जनरल इलेक्ट्रिकनं १९५४ मध्ये सुरू केली असं मानलं जातं, तिथं कर्मचारी आपल्या जुन्या कॉलेजला देतील तेवढी भर कंपनी घालायची. आमचे डायरेक्टर उत्साहात होते, म्हणाले आपण दुप्पट घालू, तिप्पट घालू, लोक धावत येतील. इथंही अभ्यास कामाला आला. कार्लान आणि लिस्ट यांनी २००७ मध्ये छापलेला प्रयोग आहे, एका अमेरिकन संस्थेच्या ५० हजारांवर जुन्या देणगीदारांना पत्रं पाठवली, काहींना साधं, काहींना मॅचिंगचं. मॅचिंगमुळे दर पत्रामागे १९ टक्के जास्त पैसे आले. पण एकास एक, दोनास एक की तीनास एक, यानं काहीच फरक पडला नाही. म्हणजे कुणीतरी आपल्या बरोबरीनं उभं आहे हे पुरतं, तो किती मोठा आहे हे फारसं लागत नाही. मग आम्ही एकास एकच ठेवलं आणि वाचलेल्या पैशाचं काय करायचं हे कमिटीला विचारलं.

तिथून निघाली ती कल्पना मला या सगळ्यात सर्वात जवळची आहे. मॅचिंगमध्ये एक मोठा दोष आहे, ज्याचा पगार मोठा तो जास्त देतो, आणि मग कंपनीचाही पैसा त्याच्याच आवडीच्या कामाकडे जास्त जातो. म्हणजे देणगीतसुद्धा वरच्यांचंच चालणार. त्यामुळे पहिलं तर मॅचिंगला माणशी मर्यादा घातली, सर्वांना सारखीच, मॅनेजर असो की ट्रेनी. आणि दुसरं, उरलेल्या पैशातून दरवर्षी प्रत्येक माणसाच्या नावे एक सारखी रक्कम बाजूला काढायची, त्यानं स्वतःच्या खिशातून काही दिलेलं असो वा नसो, आणि ती कुठं जाईल हे त्यानं ठरवायचं. संस्थांची यादी कमिटीनं तपासलेली, त्याबाहेरचं नाव सुचवायचं असेल तर सुचवा, कागदपत्रं बघू. ज्यांनी फॉर्मवर लिहिलं होतं की माझ्यावर कर्ज आहे, मला मागू नका, त्यांच्याही हातात आता एक निर्णय आला.

नंतर कळलं की याच्याशी मिळताजुळता प्रयोग ऑस्ट्रेलियातल्या एका बँकेत झालाय, २०१३ मध्ये प्लॉस वन नियतकालिकात छापून आलेला, कर्मचाऱ्यांना धर्मादाय संस्थेला देण्यासाठी व्हाउचर दिली आणि ज्यांना जास्त रकमेची मिळाली त्यांचं कामातलं समाधान वाढलेलं दिसलं. आमच्याकडे कुणी असं मोजलं नाही. पण त्या निवडीच्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत जी चर्चा चालते ती मी ऐकलीय. दोन जण प्राण्यांच्या दवाखान्यासाठी भांडतायत, एक जण तिसऱ्याला पटवतोय की म्हाताऱ्या माणसांसाठी कुणीच काही देत नाही, तू तुझा भाग तिकडे टाक ना. ही माणसं आधी वर्षानुवर्षं एकमेकांशी फक्त डेडलाइनवर बोलायची.

स्वयंसेवेचं थोडक्यात सांगते. सुरुवातीला सर्वांच्या डोक्यात एकच चित्र होतं, एक दिवस सगळे टीशर्ट घालून शाळेत जायचं आणि भिंती रंगवायच्या. संस्थेच्या त्याच बाईंना मी फोन करून विचारलं, कधी येऊ? त्या खूप अदबीनं म्हणाल्या, या ना, पण भिंती यंदा एकदा रंगवून झाल्यात, दुसऱ्या एका कंपनीनं, आणि तुम्ही सगळे येणार तर त्या दिवशी आम्हाला शाळा बंद ठेवावी लागेल. मग मी विचारलं की मग तुमचं कुठलं काम अडलंय ते सांगा. अडलं होतं पावत्यांचं. देणगीदारांच्या नोंदी तीन वेगवेगळ्या वह्यांत, एकाच माणसाचं नाव तीन प्रकारे लिहिलेलं, वर्षअखेरीला पावत्या काढायला दोन माणसं महिनाभर अडकायची. आमच्याकडचे दोघं जण ऑफिसच्या वेळेत, आठवड्यातून अर्धा दिवस, तिथं जाऊन बसले, सगळी नावं एका शीटमध्ये आणली, दुहेरी नोंदी काढल्या, पावती आपोआप तयार होईल असं करून दिलं आणि तिथल्या मुलीला ते चालवायला शिकवलं. याचा फोटो काढण्यासारखं काही नव्हतं, एक शीट आणि तीन डोकी. पण त्या बाईंचा वर्षअखेरीला फोन आला तेव्हा त्यांचा आवाज ऐकून मला भरून आलं.

फोटोवरून आठवलं, मार्केटिंगशी एकदाच पण चांगलंच वाजलं. त्यांना कंपनीच्या पेजवर मुलांचे फोटो हवे होते. त्यांचंही काम आहे ते, मी समजू शकते. पण ज्या मुलाला आज मदत लागतेय त्याचा चेहरा आपल्या लोगोखाली कायमचा राहणार, आणि तो उद्या मोठा होऊन नोकरीला लागला तर तो फोटो त्याला बघायला आवडेल का? कमिटीनं एकमतानं नाही सांगितलं. लिहायचं असेल तर संस्थेच्या कामाबद्दल लिहा, त्यांना वाचायला देऊन लिहा, मुलांचे चेहरे नाहीत आणि रकमेचा आकडा मथळ्यात नाही.

खरी कसोटी लागली ती धंदा बसला त्या वर्षी. एक मोठा क्लायंट गेला, बोनस रद्द झाला, नवीन भरती थांबली, आणि बजेटच्या मीटिंगमध्ये सर्वात आधी देणगीच्या ओळीवर बोट ठेवलं गेलं. साहजिक आहे. लोकांना बोनस नाही आणि बाहेर पैसे वाटायचे, हे कसं दिसतं? मी त्या मीटिंगमध्ये एकच गोष्ट मांडली. आमच्या शब्दावर त्या संस्थेनं एक शिक्षिका नेमली आहे. आपण उद्या थांबलो तर तिची नोकरी जाईल. मग डायरेक्टरांनी जे केलं त्याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो, त्यांनी स्वतः निर्णय घेतला नाही, कमिटीकडे पाठवला. कमिटीत दोन तास रणकंदन. ज्यांचा बोनस गेला होता तेच लोक बसले होते ना तिथं. शेवटी ठरलं ते असं, मॅचिंगची मर्यादा निम्म्यावर आणायची, नवीन संस्था त्या वर्षी घ्यायची नाही, वार्षिक कार्यक्रमाचा खर्च रद्द, पण जिथं आपल्या भरवशावर माणूस नेमलंय तिथली रक्कम तशीच, आणि यापुढे कुठल्याही संस्थेची मदत थांबवायची तर वर्षभर आधी लेखी कळवायचं. हा नियम आता करारातच आहे. मला उत्सुकता होती ती माझ्या शीटची, बोनस रद्द झाल्याच्या महिन्यात किती "बंद करा" येतात. आले, बरेच आले. पण बहुतेकांनी रक्कम कमी केली, पूर्ण बंद करणारे माझ्या अंदाजापेक्षा कमी निघाले, आणि कुणी काय केलं हे आजही माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.

काही जण सुरुवातीपासून आजपर्यंत एक पैसा देत नाहीत. त्यातला एक जण कमिटीवर होता आणि वर्षभरातला सर्वात कसून काम करणारा सदस्य तोच होता, संस्थांच्या भेटी, कागदपत्रं, फोन, सगळं. जुन्या यादीच्या पद्धतीत त्याच्या नावापुढे रिकामी जागा दिसली असती आणि लोकांनी त्याच्याबद्दल मत करून टाकलं असतं.

सध्या आमच्यात चर्चा चालू आहे ती नवीन माणसांची. एचआरचं म्हणणं आहे की जॉइनिंगच्या कागदपत्रांमध्येच देणगीचा फॉर्म द्यावा, तेव्हा उत्साह असतो, भरून टाकतात. मी याला विरोध केला आणि कमिटीनं माझं ऐकलं. पहिल्या दिवशी माणूस समोर येईल त्या प्रत्येक कागदावर सही करतो, त्याला वाटतं हेही लागतच असेल. म्हणून फॉर्म प्रोबेशन संपल्यावरच द्यायचा. पण प्रत्येकाच्या नावची ती सारखी रक्कम मात्र पहिल्याच वर्षी त्याला द्यायची, आणि यादी हातात देऊन सांगायचं की यातली एक निवड, घाई नाही, काही विचारायचं असेल तर सिक्युरिटीच्या काकांना विचार, त्यांनी सगळ्यांचे ताळेबंद वाचलेत.